सात खुर्च्या आणि एमिल हूडॅक

एमिल हूडॅकला आयुष्यात कुणी पहिल्या नंबरावर बसवलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. पण कागदावरच्या सात डॉक्टरांना सात वारी बसवणं आपल्याला जमू नये, हे मात्र त्याला भारी झोंबलं.

हार्लन फॉल्समधल्या व्हिटलॉक वकिलांच्या ऑफिसात एमिल सव्वीस वर्षं कारकुनी करत होता. कारकुनी म्हणजे काय, तर दावा तो लिहायचा, कलमं तो शोधायचा, रडणाऱ्या अशिलाला नाक पुसायला कागद तो द्यायचा, आणि शेवटी सही ठोकायला एखादा कोवळा वकील यायचा. असे नऊ वकील त्याने हाताखाली तयार केले. हाताखाली म्हणणंही चूकच, कारण ते पहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यावरच असायचे. नववा प्रेस्टन, थोरल्या व्हिटलॉकचा भाचा. याला दिवाणी आणि फौजदारी यांतला फरक परीक्षेपुरता ठाऊक होता, आणि परीक्षा तर होऊन गेली होती. एके दिवशी एमिलने तयार केलेल्या कागदांच्या जोरावर हा पोरगा दावा जिंकून आला आणि भर ऑफिसात, अशिलादेखत एमिलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "एमिल, तू वकील असतास ना, तर खरंच बरा वकील झाला असतास!"

एवढंच वाक्य. पण एमिलचं त्या दिवशी जेवणात लक्ष लागेना. "बरा म्हणे," तो बायकोला म्हणाला. "लॉरेन, त्याने मला बरा म्हटलं."

"मग कौतुकच केलं की."

"कौतुक? मुलं चड्डीची गुंडी स्वतः लावायला शिकली की करतात ना, तसलं!"

आणि नेमकी त्याच आठवड्यात बातमी आली. तासाभराच्या अंतरावरच्या कायदा कॉलेजात नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग होते, ते बंद होणार होते. या ऑगस्टला शेवटची तुकडी घेणार, मग कायमचं कुलूप. दिवसाचे वर्ग एमिलच्या कामाचे नव्हते. एक्कावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून चार वर्षं शिकायचं, तर घरी चूल कुणी पेटवायची? तेव्हा वकील व्हायचं तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. एमिलने अर्ज मागवला.

प्रवेश परीक्षा जूनमध्ये होती, तोवर घरी सरावाचे पेपर सोडवायचे. त्यांत उतारे होते, युक्तिवाद होते. ते एमिलला सोपे गेले. सव्वीस वर्षं वकिलांचं बोलणं ऐकलेल्या माणसाला खोटा युक्तिवाद वासावरून कळतो. घोडं अडलं ते क्रमाच्या कोड्यांपाशी. पस्तीस मिनिटांत चार कोडी, तेवीस प्रश्न. पहिलंच कोडं असं: फिस्क, गँट, हेल, जार्विस, केंट, लो आणि मॉस हे सात डॉक्टर सोमवार ते रविवार रोज एकेक भाषण देतात. फिस्क गँटच्या आधी. हेल बुधवारी नाही. मॉसच्या दुसऱ्याच दिवशी जार्विस. केंट आणि लो लागोपाठच्या दिवशी नाहीत. तर शुक्रवारी कोण बोलू शकेल?

एमिलला पहिला प्रश्न पडला तो असा, की केंट आणि लो लागोपाठ का नाहीत? काय बिनसलंय त्यांचं? हेल बुधवारी कुठे जातो? आणि रविवारी डॉक्टरचं भाषण ऐकायला कोण मरायला येतं? ऑफिसात त्याला पगार मिळायचा तो असल्याच चौकशांचा. इथे चौकशीची बंदी होती. नियम दिलाय, मुकाट्याने पाळा. घड्याळ वाजलं तेव्हा एमिलच्या वहीत केंट आणि लो यांच्यातल्या वैराची तीन संभाव्य कारणं लिहिलेली होती आणि तेविसांतले चार प्रश्न बरोबर होते. त्यातले दोन चुकून.

माणसाने परीक्षेला बसावं, पण शेजाऱ्यांना सांगू नये. लॉरेनने सांगितलं.

शेजारचा गस टोमासेटी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला. उंटावरचा शहाणा म्हणतात तसा हा कुंपणावरचा शहाणा. दोन्ही कोपरं कुंपणावर टेकवल्याशिवाय त्याला अक्कल सुचत नसे. "अरे, भट्टीवर आम्ही बारा माणसांच्या पाळ्या लावायचो, त्यांतले चार दारुडे," तो म्हणाला. "तुझे डॉक्टर निदान शुद्धीवर तरी आहेत. डोक्यात काय करतोस? हाताने कर. वस्तू मांड."

पलीकडच्या बेव्हर्ली शँकबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी रंगीत खडूंची पेटी आणून दिली आणि वर म्हणाल्या, "एमिल, लहानपणी ज्यांना रांगेत उभं राहायला शिकवलेलं नसतं ना, त्यांना मोठेपणी हे जड जातं." एमिल रांगेत उभा राहण्याखेरीज दुसरं काही शिकलाच नव्हता, पण शिकलेल्या बाईशी वाद घालून कोण जिंकलंय?

प्रेस्टनलाही कुठून तरी कळलं. "ती कोडी होय? चित्र काढायचं आणि सोडवायचं. माझं एक चुकलं होतं, तेही शिंक आली म्हणून." एमिल "हो का" म्हणाला आणि त्याच्या दाव्याचा मसुदा त्याच्या हातात ठेवून जागेवर येऊन बसला. शिंकेसारखी शिंक, तीही याची एका गुणाची!

वस्तू मांडायचा सल्ला मात्र एमिलच्या डोक्यात बसला. आधी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या-मिरीच्या बाटल्या मांडून झाल्या. पण सासूबाई, वर्ना, एमिलकडेच राहायच्या. त्यांनी बुधवार उचलून सूपमध्ये घातला. म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी एमिलने घरातल्या सात खुर्च्या पुढच्या अंगणात आणून ओळीने लावल्या आणि गसला हाक मारली. बाटल्यांऐवजी माणसंच बसवायची. माणसं हलवून पाहिली की नियम अंगवळणी पडतील, असा हिशेब.

माणसं जमवण्यात अर्धा तास गेला. गस केंट झाला. शँकबाई लो. लॉरेन मॉस झाली आणि तिच्या लगेच पाठीमागे जार्विस म्हणून सासूबाई बसल्या, त्या तशाही आयुष्यभर लेकीच्या पाठीमागेच असायच्या. टपाल टाकायला आलेल्या पोस्टमनला दोन मिनिटांसाठी हेल केलं. फिस्क म्हणून गसचा कुत्रा आणि गँटच्या खुर्चीत बागेतला प्लास्टिकचा गुलाबी बगळा. प्रत्येकाच्या खुर्चीच्या पाठीला चिकटपट्टीने अक्षराची चिठ्ठी लावली.

"गस, तू मंगळवारी बस. शँकबाई, तुम्ही बुधवारी."

"मी हिच्या शेजारी बसणार नाही," गस म्हणाला. "ही बाई माझ्या फाटकापुढे बर्फ लोटते."

"मी लोटते? वारा लोटतो! अकरा वर्षं सांगतेय या माणसाला!"

"वाऱ्याच्या हातात फावडं असतं का हो, बाई?"

एमिलचे डोळे चमकले. केंट आणि लो लागोपाठ नाहीत! कारण सापडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो नियम त्याला मनापासून पटला. त्याने भराभरा माणसं हलवली. कुत्रा सोमवारी, बगळा गुरुवारी, शँकबाई थेट रविवारी. पोस्टमन म्हणाला, "मला बुधवार चालेल, गुरुवार नको, गुरुवारी मला सुट्टी असते," त्याला समजावलं. आणि शुक्रवार कुणाचा हे उत्तर अगदी तोंडाशी आलं असताना फाटकापाशी एक निळी गाडी थांबली.

मे महिना, शनिवारची सकाळ, अंगणात ओळीने मांडलेल्या खुर्च्या आणि प्रत्येकीला चिकटवलेली चिठ्ठी. त्या गावात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकायला काढलंय. पाठोपाठ दुसरी गाडी थांबली, मग तिसरी. एका बाईने शँकबाईंना खुर्चीवरून उठवून खुर्ची उलटी केली आणि पाय तपासले. एक म्हातारा बगळ्याची किंमत विचारू लागला.

"विकायचं नाहीये हो!" एमिल ओरडला. "हे डॉक्टर आहेत!"

"डॉक्टरांच्या खुर्च्या आहेत म्हणे," कुणीतरी मागे सांगितलं. त्याबरोबर मागची गर्दी आणखी पुढे सरकली.

एमिल लोकांना हाकलण्यात गुंतला असताना सासूबाईंनी आपण बसल्या होत्या तीच खुर्ची आठ डॉलरला विकली. "तुमची परीक्षा मला काय कळते," त्या नंतर म्हणाल्या. "माणूस पैसे देत होता. आणि तो पाय तसाही डुगडुगायचा." जार्विस निळ्या गाडीच्या टपावर बसून निघून गेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे त्याच वेळी नगरपालिकेचा निरीक्षक आला. कुणी कळवलं ते कधी कळलं नाही, पण शँकबाई तेव्हा घरात होत्या आणि त्यांचा फोन खिडकीतच असतो.

"परवाना?" निरीक्षक म्हणाला.

"कसला परवाना? विक्री नाहीच आहे, साहेब. मी क्रम लावतोय."

निरीक्षकाने सासूबाईंच्या मुठीतल्या आठ डॉलरकडे पाहिलं, मग खुर्चीवर ऐटीत बसलेल्या कुत्र्याकडे. "कशाचाही क्रम लावा," तो म्हणाला, "पण विक्रीच्या तीन दिवस आधी परवाना काढा." आणि त्याने पंचाहत्तर डॉलर दंडाची नोटीस फाडून दिली.

आता एमिल गप्प बसून दंड भरता, तर ही गोष्ट इथेच संपती. पण सव्वीस वर्षं वकिलाकडे काढलेला माणूस. त्याला हरकत घ्यायची होती. हरकतीच्या फॉर्मवर पहिलाच रकाना होता: परवाना क्रमांक. परवाना नाही म्हणून तर दंड, आणि परवाना नाही म्हणून हरकत नाही. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "रकाना मोकळा असला की मशीन घेत नाही. मग तुम्हाला साहेबांना भेटावं लागेल. टोकन घ्या."

टोकन आलं डी-एकतीस.

नगरपालिकेच्या त्या दालनात चाळीस माणसं बसली होती आणि पाटीवर नंबर लागत होते ते वेड लागल्यासारखे. ए-बारा, ए-तेरा, सी-चार, बी-नऊ, डी-अठ्ठावीस, पुन्हा ए. लोक चरफडत होते. एमिलने खिशातून पेन्सिल काढली. ए म्हणजे पाण्याची बिलं, सी म्हणजे कुत्र्यांचे परवाने, बी म्हणजे बांधकाम, डी म्हणजे दंड. तासाभरात त्याच्या ध्यानात आलं, की दोन ए झाल्याशिवाय सी लागत नाही, आणि डी कधीही स्वतःहून येत नाही, तो बी-च्या पाठोपाठच येतो, कारण दोघांचा साहेब एकच आणि तो बांधकामवाल्याला वाटेला लावूनच मोकळा होतो. कारण काय, असं एमिलने विचारलंच नाही. नियम दिसला, तो त्याने मांडला, आणि पुढचा नंबर सांगितला. सी-पाच. लागला सी-पाच! मग बी-दहा. लागला!

शेजारच्या माणसाने हे पाहिलं. "अहो, माझा ए-एकोणीस कधी?"

"आणखी चार जणांनंतर."

चौथ्यानंतर ए-एकोणीस लागला आणि दालनात कुजबुज झाली. मग काय विचारता! माणसं टोकन घेऊन एमिलभोवती जमली. कुणी त्याला कॉफी आणून दिली. एका म्हातारीने विचारलं, जाऊन औषध घेऊन येऊ का, वेळ आहे का? एमिल म्हणाला, निवांत जा, सात नंबर आहेत. इतक्या वर्षांत इतकी माणसं त्याचं बोलणं ऐकायला थांबली नव्हती, आणि सही करायला मध्ये कुणी प्रेस्टन नव्हता. खरं सांगायचं तर तो सुखावला. इतका सुखावला, की बी-बारा लागून गेला, त्याच्या पाठोपाठ नियमाप्रमाणे डी-एकतीसही लागला, दोनदा पुकारला, आणि एमिल मात्र म्हातारीला तिचा नंबर समजावत बसला होता.

"तुमचा गेला," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "नवीन टोकन घ्या. पण साहेब आता साडेचारला उठतील." घड्याळात चार एकोणतीस झाले होते.

दंड भरावा लागला, वर उशिराची भर. लॉरेन म्हणाली, "शंभर डॉलर आणि एक खुर्ची! एवढ्यात तर शिकवणी लागली असती." पण एमिल त्या दिवशी घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. त्याने वही उघडली आणि सात डॉक्टर साडेसहा मिनिटांत बसवले. केंट आणि लो यांच्या वैराकडे त्याने ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. मग सहा गायक सहा खोल्यांत. मग पाच ट्रक पाच धक्क्यांवर. जून महिन्यातल्या परीक्षेपर्यंत त्याने असली साडेतीनशे कोडी फस्त केली. घरातही तो क्रमानेच बोलू लागला. "सूप जर कोशिंबिरीच्या आधी असेल, तर पाव तिसरा असू शकत नाही," तो म्हणाला, तेव्हा सासूबाईंनी पाव उचलून स्वतःच्या ताटात घेतला.

परीक्षेच्या दिवशी सगळं सामान पारदर्शक पिशवीत न्यायचं होतं, आणि पिशवी ठरल्या मापाचीच हवी. एमिलची पिशवी दोन बोटं मोठी निघाली. दाराशी उभ्या असलेल्या पोरीने ती बाहेर ठेवायला लावली, म्हणून पन्नाशीचा हा गृहस्थ चार पेन्सिली, खोडरबर, काट्यांचं घड्याळ आणि अर्धं सँडविच उराशी धरून, सगळ्या कोवळ्या पोरापोरींच्या मधून आपल्या बाकाकडे गेला. मागून कुणीतरी त्यालाच विचारलं, "सर, पेपर कधी वाटणार?" पण कोडी समोर आली आणि त्याचा हात थांबला नाही.

निकाल आला. बाकीचे गुण ठीकठाक होते. क्रमाच्या कोड्यांत मात्र तेविसांत तेवीस. प्रेस्टनचं एक चुकलं होतं. एमिल ऑफिसात हे कुणाला बोलला नाही, फक्त निकालाची प्रत कॉपीच्या मशीनवर चुकून विसरला. दोनदा विसरला. दुसऱ्यांदा प्रेस्टनने ती आणून दिली आणि म्हणाला, "वा! सराव बराच केलेला दिसतोय."

जुलैच्या मध्याला कॉलेजचं पत्र आलं. प्रवेश दिलेला नव्हता, नाकारलेलाही नव्हता. त्याचं नाव प्रतीक्षायादीत घातलं होतं. एमिलने लगेच फोन लावला. पलीकडे मिसेस ऑल्सन नावाच्या बाई होत्या, आवाजाने फार गोड.

"यादीत माझा नंबर कितवा, बाई?"

"आमच्या यादीत क्रम नसतो, मिस्टर हूडॅक."

एमिलला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "म्हणजे माझ्या आधी किती जण आहेत?"

"तुमच्या आधी कुणीच नाही."

"मग मी पहिला?"

"तसंही नाही. तुमच्या नंतरही कुणी नाही. जागा झाली की समिती सगळी यादी समोर घेते आणि योग्य वाटेल त्याला बोलावते."

"अहो, पण यादी म्हटली की क्रम आलाच! वाण्याच्या यादीलासुद्धा असतो!"

"आमच्या यादीला नसतो," बाई गोडपणे म्हणाल्या.

त्या संध्याकाळी एमिल वही घेऊन बसला. एमिल यादीत आहे. एमिलच्या आधी कुणी नाही. एमिलच्या नंतर कुणी नाही. एमिल पहिला नाही. याच्यापुढे पेन्सिल सरकेना. हे कोडं नव्हतंच. ही माणसाची केलेली थट्टा होती. ज्यांनी त्याला इतके महिने क्रम लावायला लावला, ज्याच्यावर त्याची लायकी मोजली, त्यांच्या घरी क्रमच नव्हता. गसने कुंपणावर कोपरं टेकून सांगितलं, "आधी कुणी नाही म्हणजे तू पहिलाच रे! साधं आहे." शँकबाई म्हणाल्या, "नंतर कुणी नाही म्हणजे शेवटचासुद्धा." दोघांचं अकरा वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं, की काही ना काही तरी होईलच.

एमिलने दर सोमवारी फोन केला. दर सोमवारी बाई म्हणाल्या, अजून काही जागा होतात, थांबा. आशा दाखवली की माणूस थांबतो, मग उरलेलं वर्ष लागो की आयुष्य. लॉरेनने त्याला संध्याकाळच्या वर्गासाठी नवी पिशवी आणली. त्याने ती वापरली नाही, पण परतही करू दिली नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्याने पुन्हा फोन लावला.

"वर्ग भरला, मिस्टर हूडॅक. काल शेवटची जागा गेली. आणि तुम्हाला माहीतच आहे, ही तुकडी शेवटची."

एमिलने वही मिटली. मग म्हणाला, "बाई, आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. एवढं तरी सांगा, यादीत होते किती जण?"

बाईंनी कागद चाळला. त्या मनाने वाईट नव्हत्या, म्हणूनच बोलून गेल्या. "चौदा. नशीब बघा ना, या वर्षी पुष्कळ लोकांनी जागा सोडल्या. यादीतल्या तेरा जणांना घेता आलं."

हे सोडवायला पेन्सिल लागत नव्हती. एमिलने आभार मानले, फोन ठेवला आणि बसून राहिला. राग आला होता, पण रागवायचं कुणावर? त्याला मागे टाकून तेरा माणसं पुढे गेली होती, आणि कागदोपत्री त्यातलं एकही त्याच्या पुढे नव्हतं. प्रेस्टनचं "बरा" त्याला तेव्हा निदान काहीतरी मोजून म्हटल्यासारखं वाटलं.

बाहेर अंगणात लॉरेन, सासूबाई, गस आणि शँकबाई उभी होती; सोमवारचा फोन एव्हाना सगळ्या आळीचा झाला होता. "काय म्हणाली?" लॉरेनने विचारलं.

"वर्ग भरला."

मग शँकबाई म्हणाल्या, "खूप लोक असतील हो यादीत."

"पाचशे," एमिल म्हणाला.

"पाचशे!" गसने मान हलवली. "मग काय लाज त्यात! पाचशेत नाव येणं म्हणजे काय खायचं काम आहे?" आणि मनापासून, धीर द्यायला म्हणून त्याने विचारलं, "त्यात तू कितवा होतास रे?"

"त्या यादीत क्रम नसतो, गस," एमिल म्हणाला, आणि घरात जाऊन त्याने दार लावून घेतलं.